आधी ओझे मोजा, मग मोटर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



कारखान्यात किंवा गोदामात माल हलवणारे एखादे यंत्र घ्यायचे ठरले की बोलणे कुठून सुरू होते, हे मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे. पोती वर चढवणारा पट्टा असो, फाउंड्रीतली वाळू उचलणारा बकेट एलेव्हेटर असो, नाहीतर साधी हॉइस्ट असो, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती हॉर्सपॉवरची मोटर टाकायची?" आणि उत्तरही जवळजवळ ठरलेले असते : "शेजाऱ्याने पाचची टाकली आहे, आपण साडेसातची टाकू. मागाहून कटकट नको." हा निर्णय पाच मिनिटांत होतो आणि त्याचे बिल पुढची पंधरा-वीस वर्षे आपण दर महिन्याला भरत राहतो.

मी विद्युत अभियंता आहे. साखर कारखाने, डाळ मिल, फाउंड्री, खताची गोदामे अशा ठिकाणी जाऊन तिथल्या मोटरी तपासणे हा माझा व्यवसाय. आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की हा प्रश्न आपण चुकीच्या टोकाकडून विचारतो. किती हॉर्सपॉवर हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी चार प्रश्न यायला हवेत. ओझे किती? ते किती उंच किंवा किती लांब न्यायचे? किती वेगाने? आणि दिवसातले किती तास? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की मोटर किती मोठी हवी हे आपोआप कळते. उत्तरे नसतील, तर आपण अंदाजाने खरेदी करतो आणि अंदाज नेहमी मोठ्या बाजूलाच झुकतो.

वीस टनांचा हिशेब

एक साधे उदाहरण घेऊ. गोदामात ५० किलोची पोती तासाला ४०० या गतीने सहा मीटर उंच चढवायची आहेत. तासाला ४०० पोती म्हणजे २० टन. सहा मीटर म्हणजे जवळजवळ दोन मजले. ऐकताना काम केवढे मोठे वाटते! आता हिशेब करू. तासाला २० टन म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच किलो. साडेपाच किलो वजन सेकंदाला सहा मीटर वर न्यायचे तर लागते सुमारे ३३० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे दोन मजले चढणाऱ्या या वीस टनांसाठी निव्वळ उचलण्याची शक्ती अर्ध्या हॉर्सपॉवरपेक्षाही कमी लागते.

मग तुम्ही विचाराल, आमच्या गोदामातल्या असल्याच पट्ट्यावर पाच हॉर्सपॉवरची मोटर काय करते आहे?

तिचे काम शोधत पुढे जाऊ. असे अनेक पट्टे सपाट पत्र्यावरून घासत सरकतात. पंधरा-सोळा मीटर लांबीचा पट्टा, त्याचे स्वतःचे वजन, त्यावरच्या पोत्यांचे वजन आणि खालच्या पत्र्याचे घर्षण यांसाठी आणखी अर्धा किलोवॅट लागतो. बेरीज झाली पाऊण किलोवॅटच्या थोडी वर, ०.८५ धरू. आता मोटर आणि पट्टा यांच्यामध्ये गिअरबॉक्स आहे. तो वर्म प्रकारचा असेल, म्हणजे मळसूत्रासारख्या दंडावर चालणारा असेल, तर वेग बराच उतरवताना दिलेल्या शक्तीचा तिसरा हिस्सा तो तेल तापवण्यात घालवतो. म्हणजे मोटरीला द्यावे लागले साधारण सव्वा किलोवॅट. हॉर्सपॉवरमध्ये सांगायचे तर एक पूर्णांक सात.

पाच हॉर्सपॉवर अजून लांबच आहेत. ते कुठून आले ते पाहा. यंत्राचा आराखडा करणारा सव्वा किलोवॅटवर पंचवीस टक्के चढवतो, 'असू द्यावे' म्हणून. गिअरबॉक्सवाला आपल्या हिशेबात आणखी पंचवीस टक्के धरतो, कारण तक्रार त्याच्याकडे येऊ नये. झाले जवळजवळ दोन किलोवॅट. बाजारात त्यापुढचे माप २.२ किलोवॅटचे, म्हणजे तीन हॉर्सपॉवरचे. दुकानात गेल्यावर सांगितले जाते, "तीनची आत्ता शिल्लक नाही, पाचची घेऊन जा, किमतीत फार फरक नाही." भाजीत घरातल्या प्रत्येकाने येता-जाता चिमूटभर मीठ टाकावे, तसे हे होते. कोणी एकाने चूक केलेली नसते, पण भाजी खारट होते.

मोठी मोटर असली म्हणून काय बिघडले?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. मोटर आपल्या नामपट्टीवरची सगळी शक्ती खाते, असे मुळीच नाही. पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीवर पावणेदोनचे ओझे असेल, तर ती तेवढेच काम करते आणि वर स्वतःचा तोटा घेते. चांगल्या मोटरीची कार्यक्षमता साधारण तीन-चतुर्थांश भाराला सर्वांत उत्तम असते. निम्म्या भारापर्यंत ती फारशी उतरत नाही. त्याखाली मात्र उतरू लागते आणि लहान मोटरींत लवकर उतरते. त्यामुळे साठ टक्के भारावर चालणारी मोठी मोटर काढून फेका, असा सल्ला मी कधी देत नाही. वीस-तीस टक्क्यांवर रखडणाऱ्या मोटरी शोधा, असे सांगतो.

दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची. मोटर भरलेली असो वा रिकामी, तिच्यात चुंबकत्व टिकवायला लागणारा विद्युतप्रवाह जवळजवळ सारखाच असतो. पूर्ण भाराला ०.८५ असलेला पॉवर फॅक्टर एक-तृतीयांश भाराला ०.६ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएच या मापावर होते. त्यात खराब पॉवर फॅक्टरचा भार सरळ युनिटांतच येऊन बसतो. कपॅसिटर लावून तो सुधारता येतो, पण अर्धवट रिकाम्या मोटरींचा ताफा पाळायचा आणि मग त्यासाठी कपॅसिटर विकत घ्यायचे, हा उफराटा कारभार झाला.

तिसरी गोष्ट पैशांपेक्षा महत्त्वाची आहे. मोठी मोटर थांबत नाही.

एका पशुखाद्याच्या कारखान्यात मी बकेट एलेव्हेटर पाहिला. हिशेबाने त्याला तीन हॉर्सपॉवर पुरेसे होते आणि सुरुवातीला तेवढीच मोटर होती. ती दोनदा जळली, म्हणून मालकांनी साडेसातची बसवली. मोटर जळणे खरोखरच थांबले. पावसाळ्यात एका रात्री ओलसर माल तळाच्या खड्ड्यात दाबून बसला आणि बादल्या रुतल्या. तीनची मोटर असती तर ओव्हरलोड रिले पडला असता आणि यंत्र थांबले असते. साडेसातच्या मोटरीला ते ओझे नेहमीचेच वाटले. ती ओढत राहिली आणि साखळी तुटली. सगळ्या बादल्यांसह ती साखळी दोन मजल्यांवरून खड्ड्यात कोसळली. खड्डा साफ करणारा कामगार त्या वेळी चहाला गेला होता, म्हणून पुढचे काही झाले नाही. नंतर तपासले तेव्हा कळले, की आधीच्या दोन्ही मोटरी खालचे बेअरिंग जाम झाल्यामुळे जळल्या होत्या. बेअरिंग शंभर-दोनशे रुपयांच्या ग्रीससाठी ओरडत होते आणि त्याला उत्तर म्हणून मोटर मोठी झाली होती.

मोटर का जळते, का अडते

मोटर जळली की ती लहान पडली, असा आपला ठाम समज असतो. पुष्कळदा कारण वेगळे असते. तीन फेजपैकी एक फेज जातो आणि उरलेल्या दोनांवर मोटर गुरगुरत तापते. बेअरिंग आवळते. पंख्याच्या जाळीवर भुसा किंवा धूळ बसून हवा बंद होते. रिलेचा काटा कोणीतरी 'ट्रिप होते म्हणून' शेवटपर्यंत फिरवून ठेवलेला असतो. अशा मोटरीच्या जागी दुप्पट मोटर बसवली, तर रोग तसाच राहतो आणि लक्षण तेवढे झाकले जाते.

दुसरी तक्रार असते : "साहेब, भरलेला पट्टा सुरूच होत नाही." इथे स्टार्टरकडे पाहावे. आपल्याकडे थोडी मोठी मोटर आली की स्टार-डेल्टा स्टार्टर लावायची पद्धत पडली आहे. स्टारमध्ये मोटरीचा सुरुवातीचा प्रवाह एक-तृतीयांश होतो, हे सर्वांना माहीत असते. सुरुवातीचा जोरही एक-तृतीयांश होतो, हे मात्र विसरले जाते. सरळ लाइनवर सुरू होताना साधारण मोटर आपल्या पूर्ण भाराच्या दुपटीच्या आसपास जोर लावते. स्टारमध्ये तो दोन-तृतीयांश उरतो. त्यात गावाकडच्या फीडरवर व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी असेल, तर जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे आणखी एकोणीस टक्के गेले. उरला निम्मा. पोत्यांनी भरलेला उभा पट्टा निम्म्या जोरावर कसा हलेल? पंपाला आणि पंख्याला स्टार-डेल्टा शोभतो, कारण ते हळूहळू ओझे घेतात. भरल्या स्थितीत सुरू होणाऱ्या कन्व्हेअरला तो शोभत नाही. तिथे लहान मोटर असेल तर सरळ स्टार्टर, मोठी असेल तर व्हीएफडी किंवा फ्लुइड कपलिंग, हा मार्ग आहे. मोटर मोठी करणे हा मार्ग नाही.

बचतीचा क्रम

आता मघाच्या पोत्यांच्या पट्ट्याकडे परत येऊ आणि वीज कुठे वाचते ते क्रमाने पाहू. पहिला क्रमांक ओझ्याचा. पट्टा पत्र्यावरून घासत नेण्याऐवजी खाली रोलर दिले, तर घर्षणाचा अर्धा किलोवॅट शंभर-दीडशे वॅटवर येतो. मग उचलण्याचे ३३० वॅट आणि घर्षणाचे दीडशे मिळून अर्ध्या किलोवॅटच्या आतच सगळे भागते.

दुसरा क्रमांक मधल्या जोडणीचा. वर्म गिअरबॉक्सच्या जागी हेलिकल, म्हणजे तिरक्या दात्यांचा, गिअरबॉक्स घेतला तर शंभरातले पंचाण्णव पट्ट्यापर्यंत पोहोचतात. मोटरीवर आता फक्त अर्धा किलोवॅट आला. दीड हॉर्सपॉवरची मोटर आरामात पुरते आणि भरलेल्या पट्ट्याला सुरू करण्यासाठीही तिच्यात जोर शिल्लक राहतो. एक काळजी मात्र घ्यावी. वर्म गिअरबॉक्स वीज गेली की पुष्कळदा स्वतःच अडकून राहतो आणि चढावरचा पट्टा मागे येत नाही. हेलिकलला ही सवय नाही. म्हणून त्याच्याबरोबर ब्रेक किंवा उलटे फिरणे रोखणारा बॅकस्टॉप घेतलाच पाहिजे. भरलेला पट्टा मागे घसरला तर खाली उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही.

बिलात काय फरक पडला? जुन्या व्यवस्थेत एक-तृतीयांश भारावरची मोटर तिचा तोटा धरून साधारण दीड किलोवॅट घेत होती. नवी व्यवस्था सहाशे वॅटच्या आसपास घेते. पट्टा वर्षाला ३,६०० तास चालतो असे धरले, तर तीन हजारांहून अधिक युनिटे वाचली. युनिटला आठ रुपये धरा, पंचवीस हजार रुपये झाले. आणि आपण अजून मोटरीच्या दर्जाबद्दल एक शब्दही बोललेलो नाही.

तो तिसरा क्रमांक. मोटरीच्या नामपट्टीवर आता आयई-२, आयई-३ असे लिहिलेले असते. कार्यक्षमतेची ही आंतरराष्ट्रीय इयत्ता आहे. आकडा जितका मोठा, तितका तोटा कमी. भारतात २०१८ पासून सर्वसाधारण थ्री-फेज मोटरींसाठी किमान आयई-२ हा दर्जा बंधनकारक झाला आहे. अकरा किलोवॅटची, म्हणजे पंधरा हॉर्सपॉवरची, चार पोलची मोटर घेऊ. जुन्या आयई-१ दर्जात तिची कार्यक्षमता ८७.६ टक्के, आयई-२ मध्ये ८९.८, आयई-३ मध्ये ९१.४ आणि आयई-४ मध्ये ९३.३. फरक चार-पाच टक्क्यांचाच दिसतो. पण अशी मोटर एखाद्या कन्व्हेअरवर तीन-चतुर्थांश भाराने वर्षाला सहा हजार तास चालत असेल, तर आयई-१ वरून आयई-३ वर आल्याने सुमारे २,३०० युनिटे वाचतात. आठ रुपयांनी अठरा हजारांवर. हीच मोटर वर्षाला तीनशेच तास चालणाऱ्या यंत्रावर असेल, तर बचत हजार रुपयांचीही नाही. म्हणून मघाचा चौथा प्रश्न, किती तास, विसरू नका. जास्त तासांच्या जागी उत्तम दर्जाची मोटर आधी जावी. एवढे ध्यानात ठेवा, की वरच्या दर्जाच्या मोटरी सुरू होताना प्रवाह जरा जास्त ओढतात. त्यांच्यासाठी ब्रेकर आणि रिले पुन्हा तपासून घ्यावे लागतात.

व्हीएफडी कुठे, कुठे नाही

चौथा क्रमांक ड्राइव्हचा, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीचा. याबद्दल बाजारात फार गोड बोलले जाते. "बसवा, चाळीस टक्के वाचतील." हे बोलणे पंख्यावरून आणि पंपावरून उचललेले असते. पंख्याचा वेग ऐंशी टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती साधारण निम्म्यावर येते. कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. कन्व्हेअरचे तसे नाही. तिथे ओढण्याचा जोर तेवढाच राहतो आणि शक्ती वेगाबरोबर सरळ प्रमाणात घटते. वेग ऐंशी टक्के, शक्तीही ऐंशी टक्के. पण तेवढाच माल न्यायला वेळही वाढतो. एक टन माल सहा मीटर वर चढवायला लागणारे काम हळू चढवल्याने कमी होत नाही. शिवाय व्हीएफडी स्वतः दोन-चार टक्के वीज खातो. जो पट्टा दिवसभर एकाच वेगाने भरलेला चालतो, त्यावर केवळ वीज वाचवण्यासाठी व्हीएफडी बसवणे म्हणजे विकतचे दुखणे.

मग तो लागतो कुठे? जिथे वेग खरोखर बदलावा लागतो तिथे. याचे उत्तम उदाहरण आपल्या साखर कारखान्यांत आहे. गळीत हंगामाच्या शुभारंभाला ज्या गव्हाणीत मोळी टाकली जाते, ती गव्हाण म्हणजे एक मोठा कन्व्हेअरच. उसाचा थर कधी जाड येतो, कधी विरळ. थर जाड आला की पुढे ऊस तोडणाऱ्या कटरच्या मोटरीचा प्रवाह वाढतो आणि त्या वेळी गव्हाण हळू झाली पाहिजे. विरळ आला की जलद. पूर्वी अनेक कारखान्यांत यासाठी डायनोड्राइव्ह असे. त्यात मोटर पूर्ण वेगाने फिरत राहते आणि मधली चुंबकीय जोडणी घसरवून वेग कमी करतात. निम्म्या वेगाला मोटर घेते पूर्ण शक्ती, आणि तीतली निम्मी त्या जोडणीत उष्णता होऊन जाते. व्हीएफडीने ही उष्णता वाचते, थर सारखा राहतो, कटर तुंबत नाही. जो कारखाना बगॅसवर वीज तयार करून ग्रीडला विकतो, त्याला हे वाचलेले प्रत्येक युनिट विकता येते. व्हीएफडी सार्थकी लागला तो असा.

हळू चालवताना एक पथ्य पाळावे. मोटरीचा पंखा तिच्याच दंडावर असतो. मोटर हळू झाली की वाराही कमी होतो, पण ओढायचा जोर तेवढाच असल्याने उष्णता तेवढीच. बराच वेळ कमी वेगाने चालवायचे असेल तर वेगळा पंखा असलेली मोटर घ्यावी. आणि ड्राइव्ह कन्व्हेअरसाठी निवडताना पंखा-पंपाच्या मापाचा घेऊ नये. थोडा वेळ दीडपट जोर देऊ शकेल असा जड कामाचा घ्यावा.

यापेक्षा स्वस्त उपाय एक आहे. रिकामा पट्टा बंद करा. मी ज्या ज्या ठिकाणी गेलो, तिथे माल नसताना फिरणारे पट्टे पाहिले. ट्रक येईपर्यंत पट्टा फिरतो, जेवणाच्या सुट्टीत फिरतो. माल दिसला नाही तर काही मिनिटांनी पट्टा थांबवणारा सेन्सर आणि टायमर यांना फार खर्च येत नाही. फक्त पट्टा पुन्हा आपोआप सुरू होणार असेल, तर आधी भोंगा वाजलाच पाहिजे आणि साफसफाईच्या वेळी मेन स्विचला कुलूप लागले पाहिजे.

हॉइस्टवर काटकसर नको

इथवर ऐकून कोणी उत्साहाने हॉइस्टची मोटरही लहान करायला निघेल, म्हणून स्पष्ट सांगतो : उचलण्याच्या यंत्रात नियम वेगळे आहेत. हिशेब तोच करायचा. पाच टन वजन मिनिटाला तीन मीटर उचलायचे तर अडीच किलोवॅट लागतात. दोर, पुली आणि गिअर यांतला तोटा धरून तीन. त्यासाठी ३.७ किलोवॅटची मोटर योग्य. पण इथे वजन माणसांच्या डोक्यावर लटकलेले असते. व्होल्टेज उतरले तरी मोटरीने ते पेलले पाहिजे आणि ब्रेकने धरले पाहिजे. शिवाय क्रेनची मोटर सतत चालत नाही. ती तासात अनेकदा सुरू होते, थांबते, उलटी फिरते. दर वेळी सुरू होताना ती तापते. सतत चालणाऱ्या कामासाठी बनवलेली साधी मोटर, कितीही उत्तम दर्जाची असली, तरी इथे टिकत नाही. नामपट्टीवर एस-३ किंवा एस-४ असा अधूनमधून चालण्याचा प्रकार आणि तासाला किती वेळा सुरू करता येईल तो आकडा पाहून घ्या. इथे कमी तासांमुळे विजेची बचत थोडी आणि चुकीची किंमत मोठी. उचलण्याची यंत्रे वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यायला हवीत. ती तपासणी कागदापुरती ठेवू नका.

उद्या काय करायचे

आता शेवटी, हे सगळे आपल्या कारखान्यात सुरू कसे करायचे ते सांगतो. बहुतेक वायरमन क्लॅम्प मीटर लावून अँपिअर पाहतात आणि म्हणतात, "चाळीस टक्के प्रवाह आहे, म्हणजे चाळीस टक्के भार." हे खरे नाही. पूर्ण रिकामी मोटरसुद्धा तीस-चाळीस टक्के प्रवाह घेते. भार पाहायचा तर किलोवॅट दाखवणारा मीटर लावा. तो नसेल तर वेग मोजणारा टॅकोमीटर घ्या. चार पोलच्या मोटरीचे चुंबकक्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेते. नामपट्टीवर समजा १,४४० लिहिले आहे, म्हणजे पूर्ण भाराला ती ६० फेरे मागे पडते. तुमच्या टॅकोमीटरवर १,४८० दिसले, तर ती २० फेरेच मागे पडली आहे. साठातले वीस, म्हणजे भार साधारण एक-तृतीयांश. ही पद्धत ढोबळ आहे, पण कोणती मोटर आधी तपासायची हे ती नक्की सांगते.

मग एक वही करा. प्रत्येक मोटरीला एक पान. नामपट्टीवरचे आकडे, मोजलेला भार, वर्षाचे तास, किती वेळा रिवाइंड केली आणि का जळली. शेवटच्या ओळीत लिहा : ही मोटर पुढच्या वेळी जळाली तर काय बसवायचे. ही ओळ सर्वांत महत्त्वाची. कारण मोटर जळते तेव्हा ट्रक दारात उभे असतात, कामगार बसून असतात आणि विचार करायला कोणालाच वेळ नसतो. जे हाताला लागेल ते बसवले जाते, नाहीतर तीच मोटर घाईघाईने रिवाइंड होऊन परत येते. घाईत जुनी तार जाळून काढताना आतले पत्रे बिघडले, तर ती मोटर पुढे कायम जास्त वीज खाते. पंधरा हॉर्सपॉवरची एक मोटर वर्षभर रोज चालली, तर तिची वीज तिच्या खरेदीच्या किमतीच्या कित्येक पट होते. अशा मोटरीचा निर्णय दारातल्या ट्रकने घेऊ नये. तो आधीच वहीत लिहिलेला असावा.

वहीला फार पैसे लागत नाहीत. दहा मोटरींपासून सुरुवात करा. सर्वांत जास्त तास चालणाऱ्या दहा निवडा. आपल्या वायरमनला आणि फिटरला बरोबर घ्या. कोणता पट्टा घासतो, कोणते बेअरिंग कुरकुरते, कोणता रिले कोणी फिरवून ठेवला आहे, हे त्यांना ठाऊक असते. आजवर त्यांना कोणी विचारलेले नसते, एवढेच.